आमच्या घरचं निळं दूध

मी मुळात शांत माणूस आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या आठवड्यात ज्यांनी मला पाहिलं त्यांतल्या एकाचाही यावर विश्वास बसणार नाही. कचेरीत मी आवक-जावक सांभाळतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, आणि हा कागद आता कुठे जाणार असं कुणी विचारलं की "पुढच्या आठवड्यात चौकशी करा" म्हणायचं. वीस वर्षांत माझ्या हातून एकही कागद गहाळ झालेला नाही. माझ्या शर्टाला आणि रुमालाला कडक खळ असते, आणि ती खळ दर रविवारी मी स्वतः शिजवतो. बायकोवर सोपवत नाही, तिची पातळ होते. मुद्दा असा की मी व्यवस्थित माणूस आहे, आणि पुढे जे रामायण घडलं ते अव्यवस्थितपणामुळे घडलं असं कुणी म्हणू नये.

सोमवारी बटण शाळेतून आली. बटण म्हणजे आमची मुलगी, इयत्ता सातवी. दीड वर्षाची असताना तिने माझ्या शर्टाचं बटण गिळलं होतं, तेव्हापासून घरात तिचं खरं नाव कुणी घेत नाही. तर बटण आली आणि एकच बूट काढून पायरीवर बसून राहिली. शनिवारी शाळेत पालकांसाठी प्रयोगांची टेबलं मांडणार होते. त्यातलं एक टेबल अन्नघटकांचं. कुठल्या पदार्थात स्टार्च, कुठल्यात प्रथिनं, कुठल्यात चरबी, हे सगळ्यांसमोर तपासून दाखवायचं. विज्ञानाच्या बाईंनी त्या टेबलावर बटणला उभं करायचं ठरवलं होतं.

आता ही गोष्ट किती मोठी आहे ते आमच्या घराबाहेरच्याला कळायचं नाही. सात वर्षांत आमच्या मुलीला शाळेने कशालाही उभं केलं नव्हतं. नाटकात नाही, गाण्यात नाही, पाहुण्यांना फूल द्यायलासुद्धा नाही. ती हुशार आहे, पण तिचा आवाज पहिल्या बाकाच्या पुढे जात नाही. मी तिला विचारलं, भीती वाटते का. ती म्हणाली, वाटते, पण करायचंय. माझं मन भरून आलं. त्याच क्षणी मी ठरवलं की शनिवारपर्यंत घरी रोज सराव करायचा, आणि तो माझ्या देखरेखीखाली.

माझी ही घोषणा ऐकून बटणची आई फक्त "बरं" म्हणाली. या "बरं"चे आमच्या घरात अनेक अर्थ होतात, त्यातला एकही उत्तेजन देणारा नाही.

प्रयोग तसा सोपा. औषधाच्या दुकानातून टिंक्चर आयोडीन आणायचं, त्यात पाणी घालून पातळ करायचं आणि पदार्थावर थेंब टाकायचा. रंग पिवळसर तपकिरी राहिला तर स्टार्च नाही, निळा-काळा झाला तर आहे. चरबीसाठी पदार्थ कागदावर घासायचा, कागद पारदर्शक झाला की चरबी. प्रथिनांना मोरचूद आणि कॉस्टिक सोडा लागतो. तो भाग बाईंनी फक्त शाळेतच करायचा असं बजावलं होतं, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

बटणच्या वहीत वर्गातले निकाल लिहिलेले होते. बटाटा निळा, पाव निळा, दूध पिवळसर, अंड्याचा पांढरा भाग पिवळसर, काकडी पिवळसर. मी काचेचे पाच छोटे पेले घेतले, स्वतः विसळले, रुमालाने स्वतः पुसून लख्ख केले आणि ओळीत मांडले. बटणने थेंब टाकले. बटाटा निळा झाला. पाव निळा झाला. मग दूध निळं झालं. अंडं निळं झालं. शेवटी काकडीही निळी झाली.

मी वहीकडे पाहिलं, पेल्यांकडे पाहिलं, परत वहीकडे पाहिलं. डोकं चक्रावून गेलं. वर्गात चूक झाली असणार, असं मी बटणला समजावलं. चाळीस मुलं, गडबड गोंधळ, कोण कशात काय टाकतंय याचा पत्ता नाही. इथे शांतपणे, स्वच्छ पेल्यांत काम झालेलं. तिने पेन्सिलीने प्रत्येक निकालासमोर बारीक अक्षरात "घरी निळा" असं लिहिलं, पण वर्गातला निकाल काही खोडला नाही. तेव्हा मला तो हट्टीपणा वाटला.

चरबीच्या चाचणीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती आठवण मला अजून डाचते. शेंगदाणा घासायला मी हाताशी आलेला कागद घेतला. तो आमच्या साहेबांचं परिपत्रक निघाला. मंगळवारी साहेबांनी तो उजेडासमोर धरला आणि मला त्यांचा चेहरा कागदातून आरपार दिसला. शेंगदाण्यात चरबी असते हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढंच म्हणेन.

मंगळवारी संध्याकाळी समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमास्तर आले. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण दुसऱ्याच्या घरी काय आलं आणि काय गेलं यावरची नजर अजून सुटलेली नाही. टेबलावर निळ्या दुधाचा पेला पाहून त्यांनी कान टवकारले. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि हलक्या आवाजात म्हणाले की दूध घट्ट दिसावं म्हणून त्यात पीठ कालवतात, हे त्यांनी पेपरात वाचलेलं आहे.

झालं. अंडं आणि काकडी आमच्या डोक्यातून साफ गेली. काकडीत कोण कशाला पीठ कालवेल, हा प्रश्न एकालाही पडला नाही. अर्ध्या तासात अख्ख्या इमारतीचं दूध आमच्या स्वयंपाकघरात आलं. तांब्यातून, बाटलीतून, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंचं तर औषधाच्या मापातून. मी प्रत्येकासाठी पेला विसळत होतो, पुसत होतो, थेंब टाकत होतो, आणि दूध निळं होत होतं. प्रत्येक निळ्या पेल्याला लोक "अरे बापरे" म्हणत आणि माझ्याकडे आदराने बघत. खोटं कशाला बोलू, वीस वर्षं शिक्के मारणाऱ्या माणसाला ते आवडलं. बटण ओट्याच्या कोपऱ्यात वही घेऊन उभी होती आणि काहीतरी विचारत होती, पण त्या गलबल्यात तिचा आवाज माझ्यापर्यंत आला नाही.

तक्रार लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. असा मसुदा लिहिला की वाचताना पोस्टमास्तरांना दोनदा थांबून मान डोलवावी लागली. "शाळेत शिकवण्यात येणाऱ्या शास्त्रीय चाचणीनुसार सदरहू दुधात पीठ आढळून आले आहे." खाली सव्वीस सह्या. आणि तळाशी सवयीने प्रती: अन्नतपासणी कार्यालय, दूधकेंद्र, आणि माहितीसाठी मुख्याध्यापिका. शाळेला प्रत पाठवण्याची काहीएक गरज नव्हती. पण खाली तीन प्रती नसल्या की मला कागद उघडा वाटतो.

बुधवारी सकाळी दूधवाले काका आले. आमच्याकडे चौदा वर्षं दूध घालतात. भांडायला आले असते तर मला बरं वाटलं असतं, मी तयारीत होतो. पण ते दाराशीच उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, पाणी घालतो म्हणाला असतात तर मी काही बोललो नसतो, ते ऐकायची सवय आहे. पण पीठ? पीठ माझ्या घरात पुरत नाही, ते दुधात कुठून घालू?" सव्वीस घरांनी त्यांचं दूध बंद केलं होतं. मी त्यांना शास्त्रापुढे माझा इलाज नाही, असं काहीतरी म्हणालो. ते निघून गेले. चहा काळाच प्यावा लागला.

त्या दिवशी कचेरीतून आल्यावर बटणने मला पकडलं. तिचं म्हणणं असं की बाईंनी शिकवलंय, आधी रिकामा पेला तपासायचा. म्हणजे नुसतं पाणी घ्यायचं, पदार्थ काहीच नाही, आणि आयोडीन टाकायचं. मी हसलो. ज्यात काही नाही ते तपासून काय मिळणार? पण मुलीचा हट्ट म्हणून पेला विसळला, रुमालाने पुसला, नळाचं पाणी भरलं. तिने थेंब टाकला. पाणी निळं झालं.

माझी पाचावर धारण बसली. दूधवाले काका निर्दोष होते, दोष पाण्यात होता. सगळ्या गावाच्या नळाला पीठ येत होतं. मी तसाच चपला घालून पोस्टमास्तरांकडे धावलो. परत आलो तेव्हा बटण स्वयंपाकघरात एकटीच वहीत काही लिहीत होती. मला बघून तिने वही मिटली. आणखी काही विचारायचं होतं का, असं मी विचारलं. ती म्हणाली, नाही, झालं.

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी पाणीपुरवठा कार्यालयात गेलो. खिडकीमागच्या गृहस्थांनी छापील अर्ज पुढे सरकवला. त्यात पाण्याच्या तक्रारींसाठी चार चौकटी होत्या: गढूळ, वास, कमी दाब आणि पाणीच नाही. मी म्हटलं, पीठ. ते म्हणाले, चौकट नाही. मी म्हटलं, मग "इतर"? ते म्हणाले, "इतर"ला प्रयोगशाळेचा दाखला जोडावा लागतो. प्रयोगशाळा अन्नतपासणी कार्यालयात, शेजारच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. तिथे कळलं की पाणी हे अन्नात मोडत नाही. दूध मोडतं, पण नमुना त्यांच्याच माणसाने सीलबंद बाटलीत घ्यायला हवा, आणि निकालाला चाळीस दिवस. मी त्यांना सांगितलं की माझ्या मुलीचं टेबल शनिवारी आहे. त्यांनी माझा कागद घेतला, त्यावर शिक्का मारला, क्रमांक घातला आणि म्हणाले, "पुढच्या आठवड्यात चौकशी करा."

हे वाक्य समोरून कसं लागतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

घरी आलो तर शाळेतून निरोप होता. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, त्यांनी ताबडतोब बोलावलं होतं. मी गेलो तर त्यांच्या टेबलावर माझीच तक्रार होती, माहितीसाठी पाठवलेली प्रत. शेजारी विज्ञानाच्या बाई अवघडून बसलेल्या. मोठ्या बाईंनी शांतपणे विचारलं की वर्गात दूध पिवळसर आणि तुमच्या घरी निळं, तर दोन्हींतलं खोटं कुठलं? शाळेचं नाव घालून सव्वीस लोकांनी सही केलेली आहे. दूधकेंद्राचे लोक शनिवारी येऊन जाब विचारणार आहेत. मी पाण्याचा मुद्दा मांडला. वर्गातही तेच पाणी होतं, विज्ञानाच्या बाई म्हणाल्या. मी माझीच प्रत उचलून पुन्हा वाचायला घेतली.

मोठ्या बाईंनी निर्णय दिला. हे मिटेपर्यंत अन्नघटकांचं टेबल रद्द.

ही बातमी घरी कशी सांगायची याचा मी रस्ताभर विचार केला. सांगावी लागली नाही. बटणला शाळेतच कळलं होतं. प्रयोगाच्या वेळी घालायचा पांढरा कोट तिने बाईंकडून उसना आणला होता, त्याची ती पलंगावर घडी घालत होती. रडली असती तर मी समजूत काढली असती. ती फक्त म्हणाली, "असू दे, बाबा." मला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी सकाळी मी पेटून उठलो. पुराव्यानिशी मोठ्या बाईंना भेटायचं ठरवलं आणि "घरी निळा" हे निकाल उतरवून घ्यायला बटणची वही उघडली. पानावर आखलेले तीन रकाने होते: कृती, निरीक्षण, निष्कर्ष. सोमवारचं पान, मंगळवारचं पान. मग बुधवारचं पान आलं, आणि ते मी आधी पाहिलेलं नव्हतं.

"रिकामा पेला, बाबांनी पुसलेला. निळा.
रिकामा पेला, न पुसलेला. पिवळसर.
कालचं उरलेलं दूध, न पुसलेला पेला. पिवळसर.
अंडं, न पुसलेला पेला. पिवळसर.
काकडी, न पुसलेला पेला. पिवळसर."

पुढे निष्कर्षाचा रकाना होता. तो कोरा होता.

मी ते पान तीनदा वाचलं. मग खिशातून रुमाल काढला, ओट्यावर पसरला आणि आयोडीनचा एक थेंब टाकला. शाई सांडावी तसा निळा डाग पडला. खळ म्हणजे शेवटी काय, शिजवलेला स्टार्च. दर रविवारी मीच तो शिजवत होतो, आणि सोमवारी आमच्या व मंगळवारी इमारतीतल्या प्रत्येकाच्या दुधात मीच तो पुसून घालत होतो.

बटण दारात दप्तर घेऊन उभी होती. तिने डाग पाहिला आणि खाली बघायला लागली.

"तुला बुधवारीच कळलं होतं?" मी विचारलं.

"हो."

"मग बोलली का नाहीस? तुझं टेबल गेलं ना."

ती बुटाची नाडी बांधायला वाकली. खालूनच म्हणाली, "तुम्ही सगळ्यांना सांगून बसला होतात. तुम्हाला सगळे हसले असते. टेबल काय, पुढच्या वर्षी पण असेल."

बारा वर्षांची पोर. सात वर्षांनी एकदा मिळालेली जागा तिने माझी लाज राखायला सोडून दिली होती, आणि मी मात्र गावभर शिक्के गोळा करत फिरत होतो. बटणची आई मागेच उभी होती. ती एक शब्द बोलली नाही, "बरं"सुद्धा नाही.

त्या सकाळी मी कचेरीत गेलो नाही. आधी दूधवाल्या काकांकडे गेलो. त्यांच्या अंगणात उभं राहून सगळं सांगितलं, रुमाल दाखवला, हात जोडले. त्यांनी रुमालाचं टोक बोटांत चोळून पाहिलं. मग म्हणाले, "एवढी कडक खळ कशाला लावता हो?" त्यांनी मला दूध दिलं, ते मी घेतलं.

मग पोस्टमास्तर. तक्रार मागे घेतो म्हटलं तर ते म्हणाले की एकदा आवक झालेला कागद मागे घेता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? मी म्हटलं, मग पुरवणी कागद देतो. तो मी लिहिला. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आखूड मसुदा: दुधात दोष नाही, पाण्यात दोष नाही, दोष माझ्या रुमालात आहे. प्रती तिन्ही ठिकाणी. या कागदावर सह्या करायला मात्र कुणी पुढे आलं नाही, एकटी माझी आहे.

शाळेत मोठ्या बाईंनी तो वाचला. विज्ञानाच्या बाईंनी बटणचं बुधवारचं पान वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले, का ते मला त्या वेळी नीट कळलं नाही. मोठ्या बाई म्हणाल्या, टेबल परत देते, पण शनिवारी हे सगळ्यांसमोर दाखवायचं, रुमालासकट, आणि तुम्ही समोर उभं राहायचं. मी हो म्हणालो. बटणने माझ्याकडे पाहिलं आणि नको अशी मान हलवली. मी पुन्हा हो म्हणालो, मोठ्याने.

शनिवारी त्या टेबलाभोवती जेवढी गर्दी होती तेवढी ज्वालामुखीच्या टेबलाभोवतीसुद्धा नव्हती. अख्खी इमारत आलेली. नर्सबाई, पोस्टमास्तर, दूधकेंद्राचे दोघे, आणि सगळ्यात पुढे कासंडी घेऊन दूधवाले काका. बटणने पांढरा कोट घातला होता. पहिलं वाक्य कुणालाच ऐकू आलं नाही. ती थांबली, घसा साफ केला आणि पुन्हा म्हणाली, या वेळी मागच्या भिंतीपर्यंत. दोन रिकामे पेले, एक माझ्या रुमालाने पुसलेला, एक तसाच. थेंब, थेंब. एक निळा, एक पिवळसर. लोक एकदम हसले. माझे कान तापले. पोस्टमास्तर इतके हसले की त्यांना बसवावं लागलं. आणि तक्रारीवर सही सगळ्यात आधी त्यांचीच होती.

मग काकांच्या कासंडीतलं दूध. थेंब टाकला. पिवळसर. काकांनी कासंडी वर उचलून सगळ्यांना दाखवली.

गर्दीतून एक पाहुणे गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी विचारलं की बेटा, आधी रिकामा पेला तपासायचा, हे तुला कुणी शिकवलं?

बटण म्हणाली, "तो तपासायचा, हे बाईंनी शिकवलं. का तपासायचा, ते बाबांमुळे कळलं."

टाळ्या झाल्या. लोक माझ्याकडे बघून टाळ्या वाजवत होते आणि हसतही होते. मीही वाजवल्या, कुणासाठी ते माहीत नाही.

घरी जाताना आम्ही दोघंच होतो. शेवटी धीर करून मी विचारलं, "ते तू माझ्याबद्दल म्हणालीस ना, ते कौतुक होतं का टोमणा?"

तिने खरंच विचार केला. अगदी दोन दिव्यांच्या खांबांएवढं अंतर विचार केला.

"निरीक्षण होतं, बाबा," ती म्हणाली.

पुढे मोठा रस्ता होता आणि वाहनांची गर्दी होती. तो ओलांडताना तिने माझा हात धरला, आणि पलीकडे पोचल्यावरही सोडला नाही.